एका सेकंदाची साखळी दिवसभर कशी जगते?

डहाणूजवळच्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांची वारली चित्रं पाहिली आहेत ना? मधोमध तारपा वाजवणारा आणि त्याच्याभोवती वळसे घेत गेलेली नाचणाऱ्यांची लांबच लांब रांग! डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर भाताची कापणी झाली की असाच नाच रंगतो.

वारली चित्रातला पांढरा रंग पूर्वापार तांदळाच्या पिठाचा. बांबूच्या काडीचं टोक चेचायचं की झाला कुंचला! आता कापडावर, कागदावर काढताना बरेचजण अ‍ॅक्रिलिक रंगही घेतात. गंमत म्हणजे त्या रंगाच्या थेंबातही रांगाच असतात, रेणूंच्या. एकेका सुट्या रेणूला मोनोमर म्हणतात आणि त्यांच्या लांब साखळीला पॉलिमर. अ‍ॅक्रिलिकचे मोनोमर व्हिनाइल घराण्यातले. त्यांच्यात दोन कार्बन दुहेरी बंधाने जोडलेले असतात. त्यातला एक बंध सुटला की शेजाऱ्याला धरता येतं.

साखळीच्या टोकाच्या रेणूचा एक हात मोकळा असतो. त्याला म्हणतात रॅडिकल, आणि तो भलताच उतावळा! समोर येईल त्या मोनोमरला धरतो, एका सेकंदात हजारभर सहज. पण दोन रांगांची मोकळी टोकं समोरासमोर आली तर? ती एकमेकांना धरतात आणि दोन्ही रांगांची वाढ तिथेच थांबते. म्हणून साध्या पद्धतीत साखळी जेमतेम सेकंदभर वाढते आणि शेवटी कुठे आखूड, कुठे लांब असा सगळा गोंधळ होतो.

१९९५ साली अमेरिकेतल्या पिट्सबर्गमध्ये क्रिस्टॉफ मॅटिजॅशेव्स्की आणि जिन-शान वांग यांनी यावर तांब्याचा उपाय शोधला. टोकाच्या मोकळ्या हातात क्लोरीन किंवा ब्रोमीनचा अणू द्यायचा. हात भरलेला, म्हणजे साखळी झोपलेली. तांबं येऊन तो अणू क्षणभर काढून घेतं, साखळी जागी होते, एखाद-दुसरा मोनोमर जोडते, तेवढ्यात तांबं अणू परत देऊन टाकतं. जागेपण सेकंदाच्या हजाराव्या भागाएवढं, झोप मिनिटभराची! जाग्या साखळ्या एका वेळी इतक्या थोड्या की त्यांची टक्कर क्वचितच होते. त्यामुळे सेकंदभराचं आयुष्य दिवसभर पुरतं आणि सगळ्या साखळ्या जवळपास सारख्या लांबीच्या होतात. घाई करणाऱ्याला पुन्हा पुन्हा झोपवून काम नीट करून घ्यायचं, ही युक्ती मला फार आवडते.

प्रयोगात मात्र हवेला मज्जाव. भांड्यातून आधी नायट्रोजन सोडून ऑक्सिजन हाकलतात. तो आत शिरलाच, तर तपकिरी द्रावण हिरवट पडतं आणि साखळ्यांची वाढ थंडावते. सुरुवातीला तांबंही बरंच लागायचं, मग ते पॉलिमरमधून काढत बसावं लागे. पुढे ते दहा लाखांत काही भाग इतकं कमी करता आलं.

आणि मोनोमर संपला तरी साखळी मरत नाही. टोकाला ब्रोमीन घेऊन ती नुसती झोपलेली असते. आता भांड्यात दुसराच मोनोमर ओता, तीच साखळी पुढे वाढू लागते! अशी एक बाजू कडक, दुसरी मऊ असलेली साखळी रसायनशास्त्रज्ञ हवी तशी घडवू शकतात.