घरचा कुत्रा हरवला म्हणजे

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांत सरमा आणि पणि यांचा संवाद आहे. पणींनीं गाई पळवून नेल्या, तेव्हां त्यांचा माग काढण्यासाठीं इंद्रानें आपली कुत्री सरमा हिला पाठविलें. ती रसा नदी ओलांडून पणींच्या ठाण्यापर्यंत जाऊन पोहोंचली, आणि ‘आमची बहीण होऊन येथेंच रहा’ असा लोभ त्यांनीं दाखविला असतां तिनें तो झिडकारला. हरवलेलें शोधून काढण्याचें काम आपल्या परंपरेनें असें फार प्राचीन काळापासून कुत्र्याकडे सोंपविलें आहे. परंतु तो स्वतःच हरवतो, तेव्हां शोध माणसानें करावयाचा असतो. आणि या कामीं माणसाचें नाक, कान व धीर हीं तिन्ही साधनें किती तोकडीं आहेत, हें त्या प्रसंगांतून गेल्याखेरीज कळत नाहीं.

‘एका कुत्र्यासाठीं एवढा आकांत कशाला?’ असें म्हणणारे सद्गृहस्थ प्रत्येक आळींत असतात. त्यांस आम्ही महाभारतांतील महाप्रास्थानिक पर्वाची आठवण देऊं इच्छितों. बंधू व पत्नी वाटेंत पडल्यावर धर्मराजाच्या सोबतीस एक कुत्रा तेवढा उरला होता. त्याला मागें टाकून स्वर्गांत जाण्याचें धर्मराजानें साफ नाकारलें. जो आपल्या भरंवशावर आहे त्याचा त्याग करूं नये, एवढेंच त्याचें म्हणणें होतें. ज्या घरानें एखाद्या मुक्या जीवाला भरंवसा दिला, त्या घराला त्याचा शोध घेणें हा छंद नसून तें कर्तव्य आहे.

कुत्रा हरवण्याचीं कारणें अनेक. ऋतुकाळीं नर मादीच्या वासानें दूर जातो. नव्या घरीं बिऱ्हाड हालविलें म्हणजे जुन्या घराकडे धांव घेतो. परंतु आपल्याकडील मोठें कारण म्हणजे फटाके. माणसाच्या कानास सेकंदास सुमारें २०,००० कंपनांपर्यंतचा ध्वनि ऐकूं येतो. कुत्र्यास सुमारें ४५,००० पर्यंतचा. जो स्फोट आपणांस नुसता दचकवितो, तो त्यास किती असह्य होत असेल याची कल्पना करावी. भ्यालेला कुत्रा घराकडे नव्हे, तर आवाजापासून दूर पळतो. आणि त्या अवस्थेंत तो पुष्कळदां धन्याच्या हांकेलाही ओ देत नाहीं, हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

कांहीं वर्षांपूर्वीं पुण्यांत लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळीं आमच्या घरचा मोत्या असाच गेला. शेजारून आलेलें फराळाचें ताट घेण्यासाठीं सूनबाईंनीं दार उघडलें, तोंच जिन्याखालीं फटाक्यांची माळ पेटली. आणि सात वर्षें उंबऱ्याबाहेर एकटें पाऊल न टाकणारा तो प्राणी त्यांच्या पायांजवळून बाणासारखा निसटला. कोपऱ्यावरील पानवाल्यानें त्यास नदीच्या बाजूस जातांना पाहिलें. पुढें गर्दींत त्याचा माग लागला नाहीं. त्या रात्रीं पूजा झाली, पण पानें कोणीं वाढलीं नाहींत.

अशा वेळीं घरांतील सर्व माणसें सर्व दिशांनीं धांवत सुटतात; त्यानें फारसें कांहीं साधत नाहीं. एकानें घरींच थांबून दार उघडें ठेवावें, कारण कुत्रा आपण होऊन परतण्याचा संभव असतो. दुसऱ्यानें जवळचा परिसर बारकाईनें पहावा: उभ्या गाड्यांच्या खालीं, जिन्यांच्या अंधाऱ्या कोपऱ्यांत, बांधकामाच्या ठिकाणीं, ओढ्याच्या कांठीं. मध्यरात्रीनंतर व पहांटे रस्ते शांत झाले म्हणजे लपलेला प्राणी बाहेर पडतो. म्हणून शोधाची खरी वेळ तीच. तो दिसला तर पाठलाग कधींही करूं नये. एका बाजूला वळून खालीं बसावें, मंद स्वरांत नेहमींचे शब्द बोलावे, ओळखीचें खाणें पुढें टाकावें आणि त्यालाच येऊं द्यावें. जेथून तो गेला तेथें त्याचें अंथरूण किंवा आपण वापरलेलें वस्त्र ठेवावें.

पहांटे रस्त्यावर कोण असतें याचाही विचार करावा. दूधवाला, वर्तमानपत्रें टाकणारा मुलगा, झाडूवाल्या बाया, रखवालदार, रिक्षावाले या मंडळींस जें दिसतें तें आपणांस दिसत नाहीं. त्यांच्या हातीं छायाचित्र द्यावें. भिंतीवरील पत्रकावर मजकूर थोडा असावा: ‘हरवला आहे’ ही मोठी अक्षरें, चित्र, ठिकाण, दिवस आणि दूरध्वनीचा क्रमांक. हाच मजकूर मोबाईलवरून आळींतील मंडळींस पाठवावा. मात्र एक खूण मुद्दाम गुप्त राखावी. आम्हांस एका इसमाचा निरोप आला कीं, कुत्रा आपणापाशीं आहे, आधीं पैसे पाठवा. मोत्याच्या मागील डाव्या पंजाचें एक बोट तेवढें पांढरें होतें. ‘त्याच्या पायावर खूण कोणती?’ एवढें विचारतांच संभाषण संपलें! कुत्रा डोळ्यांनीं पाहिल्यावांचून कोणासही एक पैसा देऊं नये.

महानगरपालिकेच्या श्वानकेंद्रांत स्वतः जाऊन पहावें, दूरध्वनीवर विसंबूं नये. कारण वर्णनावरून एक तांबूस कुत्रा दुसऱ्यापासून वेगळा ओळखतां येत नाहीं. आसपासच्या पशुवैद्यांकडे पत्रक द्यावें. चोरीचा संशय असेल तर पोलिसांत लेखी तक्रार द्यावी. पाळलेला प्राणी कायद्याच्या दृष्टीनें धन्याची मालमत्ता आहे.

आशा किती धरावी? अमेरिकेंत २०१२ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका पाहणींत हरवलेल्या कुत्र्यांपैकीं शेंकडा ९३ परत मिळाल्याचें आढळलें, आणि त्यांतील जवळजवळ निम्मे केवळ घराच्या आसपास शोध केल्यानें सांपडले. तेथील रस्ते व व्यवस्था येथल्याहून निराळी, हें खरें. तरीपण आसपास शोधण्याचा धडा येथेंही लागू आहे. कुत्र्याच्या दिशाज्ञानाचे दाखलेही अद्भुत आहेत. अमेरिकेंतील बॉबी नांवाचा कुत्रा १९२३ सालीं प्रवासांत इंडियाना प्रांतांत हरवला, आणि १९२४ च्या फेब्रुवारींत चार हजार किलोमीटरांहून अधिक अंतर तोडून ओरेगॉन प्रांतांतील आपल्या गांवीं परतला. चेक शास्त्रज्ञांनीं २०२० सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत शिकारी कुत्रे नव्या वाटेनें परततांना प्रथम सुमारें वीस मीटर उत्तर-दक्षिण रेषेंत धांवतात असें दिसलें; पृथ्वीच्या चुंबकत्वाचा त्यांस उपयोग होत असावा असें त्यांचें अनुमान आहे. परंतु बॉबीची गोष्ट जगानें लक्षांत ठेविली ती विरळा म्हणूनच. तिच्या भरंवशावर घरीं बसूं नये.

आतां शोधापेक्षांही अवघड भागाकडे वळूं. कुत्रा मेला तर माणूस रडतो आणि कालांतरानें सांवरतो. हरवला तर रडावें कीं वाट पहावी हेंच कळत नाहीं. पोलिन बॉस या अमेरिकन विदुषीनें युद्धांत बेपत्ता झालेल्या सैनिकांच्या कुटुंबांचा अभ्यास करून अशा दुःखास एक स्वतंत्र नांव दिलें. १९९९ सालीं तिचा त्या विषयावरील ग्रंथही प्रसिद्ध झाला. आपण त्यास ‘संदिग्ध वियोग’ म्हणूं. सैनिकाशीं कुत्र्याची तुलना करण्याचा आमचा हेतु नाहीं. परंतु दाराची कडी वाजतांच सर्वांच्या माना एकदम वळाव्या, ही अवस्था त्याच जातीची आहे.

या संदिग्धतेंत घर दोषी शोधूं लागतें. आमच्या घरीं कोणी कांहीं बोललें नाहीं, पण न बोलण्यांतही आरोप असतो. सूनबाई तीन दिवस धड जेवल्या नाहींत. अखेर आमच्या मातुःश्री, वय वर्षें अठ्ठ्याऐंशी, सर्वांसमक्ष म्हणाल्या, “तिनें दार उघडलें तें दारीं आलेल्या माणसाला. अशा दिवशीं दार उघडायचें नाहीं तर कधीं उघडायचें? मुली, आधीं दोन घास खा. मग मीही येतें शोधायला.” त्या वाक्यानें जें झालें तें आमच्या साऱ्या पोथ्यांनीं झालें नसतें. सूनबाई प्रथम रडल्या, मग जेवल्या, आणि पहांटे चार वाजतां विजेरी घेऊन नदीकांठीं निघाल्या.

मुलांशीं खरें बोलावें. ‘तो गांवीं गेला’ असें सांगितलेलें मूल पुढें आपल्या कोणत्याच शब्दावर विश्वास ठेवीत नाहीं. आठ वर्षांच्या नातवानें विचारलें, “आजोबा, मोत्या मेला का?” आम्हीं सांगितलें, “ठाऊक नाहीं. पण आपण शोधतों आहोंत.” वर्गांतील दीर्घ अनुभव आम्हांस असाच आहे कीं, मुलांस ‘ठाऊक नाहीं’ हें उत्तर खोट्यापेक्षां अधिक पचतें. त्यास आम्हीं एक वही दिली. कोणीं, कोठें, केव्हां पाहिलें तें तो टिपून ठेवी; आणि त्या वहीवरूनच शोध मुठेच्या कांठीं केंद्रित करावा हें ठरलें.

मोत्या आम्हांस मिळाला नाहीं. शेवटची नोंद अकराव्या दिवसाची आहे. मात्र त्याच कांठीं दुसऱ्या पेठेंतल्या एका कुटुंबाची हरवलेली कुत्री सांपडली आणि सुखरूप घरीं गेली. सहा आठवड्यांनीं आम्ही सर्व एकत्र बसलों आणि रोजचा शोध थांबविण्याचें ठरविलें. श्वानकेंद्रांत आठवड्यास एक खेप तेवढी चालू ठेविली. त्याचें भांडें मुलाच्या नकळत उचललें नाहीं. त्यानेंच तें धुवून फळीवर ठेविलें. मुलाचें रडें थांबावें म्हणून तांतडीनें नवें पिल्लूं आणणेंही आम्हांस प्रशस्त वाटलें नाहीं. एकाची जागा रिकामी आहे हें मान्य झाल्यावरच दुसऱ्यानें यावें.

ज्यांच्या घरीं कुत्रा आहे त्यांनीं ही पूर्वतयारी करावी: गळ्यांत क्रमांक कोरलेला पट्टा, महानगरपालिकेचा परवाना, रेबीजची लस, आणि सर्व बाजूंनीं घेतलेलीं ताजीं छायाचित्रें. तांदुळाच्या दाण्याएवढी, पंधरा आंकडी क्रमांकाची चिप खांद्यांच्या मध्यें त्वचेखालीं बसवितां येते. ती कुत्रा कोठें आहे हें दाखवीत नाहीं. सांपडलेला कुत्रा कोणाचा हें मात्र वाचनयंत्रानें कळूं शकतें. दिवाळीच्या दिवसांत त्यास आंतील खोलींत, खिडक्या लावून, ओळखीच्या माणसाजवळ ठेवावें.

एवढें करूनही कधीं तो निसटेल. मग शोध घ्यावा, आणि तो घेतांना घरांतील माणसें एकमेकांस हरवणार नाहींत एवढी काळजी वहावी. हांक मारीत रहाणें हें आपलें देणें आहे. ओ येणें न येणें आपल्या हातीं नाहीं.