झाडाखालची रानफुलं: आधी एक पावसाळा थांबा

कर्जत-खालापूरकडे जागा बघायला लोक बहुतेक थंडीत नाहीतर उन्हाळ्यात येतात. त्या दिवसांत साग, ऐन, किंजळ यांच्याखाली काय दिसतं? पाचोळा आणि कोरडी माती. 'खाली तर काहीच नाही' म्हणून जेसीबी येतो, जमीन सपाट होते, वर लॉन अंथरलं जातं. सावलीत ते लॉन विरळ होत जातं, आणि मग आपल्याला विचारलं जातं, 'इथं सावलीत काय लावू?' खरं म्हणजे त्या जागेत बरंच काही आधीपासूनच होतं. ते जमिनीखाली झोपलेलं होतं, इतकंच.

हे नीट समजून घेऊ. आपल्याकडची ही सावली बारमाही नाही. पानगळीची झाडं उन्हाळ्यात उघडी पडतात आणि पावसाच्या तोंडावर पालवतात. खालच्या रानफुलांचं वेळापत्रक याच्याशी जुळलेलं असतं. पहिल्या सरींबरोबर शेवळ वर येतं. कर्जतच्या बाजारात ठाकर-कातकरी बायका जे शेवळ विकतात, काकडं घालून आपण ज्याची भाजी करतो, ते त्या झाडाचं फूलच. पान नंतर येतं. त्यामागोमाग रानहळदीचा गुलाबी-पिवळा तुरा. मग तेरडा, तोच आपल्या गौरीचा. ओलसर जागी, ओढ्याकाठी पेव, पांढऱ्या फुलांचं.

यातल्या शेवळ, रानहळद आणि पेवाचं सगळं भांडवल जमिनीखालच्या कंदात असतं. पावसाळ्याच्या चार महिन्यांत पान जे अन्न तयार करतं, ते कंदात साठतं आणि त्याच्यावर पुढच्या वर्षीचं फूल येतं. म्हणजे 'गवत फार वाढलं' म्हणून ऑगस्टमध्ये ग्रासकटर फिरवलात, तर तुम्ही पुढच्या वर्षीची फुलं कापलीत! पानं आपोआप पिवळी पडून आडवी होईपर्यंत थांबायचं. तेरड्याचं गणित वेगळं. तो वर्षायू, बियांवर जगणारा. त्याची बोंडं तडकून बी जमिनीवर पडू द्यायचं, मगच साफसफाई.

उन्हाळ्यात उलटी चूक होते. वाळलेल्या जागेची दया येऊन पाइपनं पाणी सोडलं जातं. झोपलेल्या कंदाला ते नको असतं, तो कुजतो. पाचोळाही जाळू नका. तो मातीवरचं पांघरूण आहे, आणि कुजला की खतही तोच. वाटेवरचा तेवढा झाडून झाडाखाली सारावा. घराच्या आणि रस्त्याच्या कडेला मात्र वणव्यासाठी मोकळा पट्टा ठेवावाच लागतो.

म्हणून आपला आग्रह असा की, जागा घेतलीत तर पहिला पावसाळा काही लावू नका. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत दर पंधरा दिवसांनी चक्कर मारा. जे उगवेल त्याच्याजवळ काठी रोवा, फोटो काढा. पानं गेल्यावर जागा ओळखायची खूण तीच. बांधकामाची, गाडीची जागा त्यानंतर ठरवा.

आणि खरोखरच काही नसेल तर? तेरड्याचं बी ओळखीच्या बांधावरून गोळा करून पावसाच्या सुरुवातीला हलकं पसरा. पेवाच्या खोडाचे तुकडे ओल्या मातीत सहज मुळं धरतात. रानहळदीचे कंद कुणाच्या बागेत वाढून दाटले असतील तर त्यातले मागून घ्या, पाणी साचणार नाही अशा उतारावर लावा. आंब्याच्या बुंध्याशी, गच्च अंधारात, फार अपेक्षा ठेवू नका. फांद्यांचा घेर संपतो तिथली कड बरी.

रानातून कंद उपटून मात्र आणू नयेत. एका बागेसाठी जंगलातली जागा रिकामी होते, आणि शेवळाच्या बाबतीत तर कुणाची तरी जूनमधली चार पैशांची कमाईही जाते.