वकिलाची चूक आणि पक्षकाराची मुदत

दिवाणी दाव्यात हुकूमनामा झाल्यावर अपील किती दिवसांत करावयाचे हे मुदत कायदा, 1963 याने ठरवून दिले असून जिल्हा न्यायालयात जाण्यासाठी 30 दिवस, तर उच्च न्यायालयात जाण्यासाठी 90 दिवस मिळतात. मुदत टळल्यावर आलेले अपील, प्रतिपक्षाने हरकत घेतली नाही तरीही, न्यायालयाने फेटाळलेच पाहिजे असे कलम 3 सांगते. या कठोर नियमाला कलम 5 चा अपवाद आहे आणि त्यानुसार विलंबाला ‘पुरेसे कारण’ होते अशी न्यायालयाची खात्री पटल्यास विलंब माफ होऊ शकतो. पुरेसे कारण म्हणजे काय, याची व्याख्या मात्र कायद्याने केलेली नाही. त्यामुळे ज्याच्यावर भरवसा टाकून पक्षकाराने वकीलपत्रावर सही केली त्या वकिलाचीच चूक हे कारण ठरते की नाही, याचा निवाडा न्यायालयांना प्रकरणागणिक करावा लागला आहे.

अशी चूक बहुधा साध्या हिशेबात होते. समजा, तालुक्याच्या न्यायालयाने 3 जूनला हुकूमनामा दिला, वकिलाने 10 जूनला नकलेचा अर्ज केला आणि नक्कल 24 जूनला तयार झाली. कलम 12 प्रमाणे निकालाचा दिवस आणि नक्कल मिळण्यास लागलेला काळ वगळला जातो. म्हणून 3 जुलैला संपणाऱ्या 30 दिवसांत नकलेचे, दोन्ही टोकांचे दिवस धरून, 15 दिवस मिळवले की शेवटची तारीख 18 जुलै येते. परंतु तयार झालेली नक्कल कार्यालयातून उचलण्यास पक्षकाराच्या बाजूने आठ दिवस लागले असतील, तर ते आठ दिवस सहसा वगळले जात नाहीत, आणि नक्कल हातात पडली त्या दिवसापर्यंतचा काळ धरून मोजणारा वकील नेमका येथेच फसतो.

याहून गंभीर चूक मार्ग निवडण्यात होते. महाराष्ट्रातील एका वाटणीच्या दाव्यात एकतर्फी हुकूमनामा झाल्यावर, म्हणजे प्रतिवादीच्या गैरहजेरीत निकाल लागल्यावर, प्रतिवादींनी आधी तो रद्द करून घेण्यासाठी अर्ज केला आणि त्यात वर्षे गेल्यावर अपिलाचा मार्ग धरला. जिल्हा न्यायालयाने माफ केलेला विलंब मुंबई उच्च न्यायालयाने अमान्य केला, तरी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, दुसरा उपाय प्रामाणिकपणे चालवण्यात गेलेला काळ हे पुरेसे कारण होऊ शकते असे ठरवून, अपिलाचा मार्ग पुन्हा मोकळा केला.

सर्वोच्च न्यायालयाच्या जुन्या निकालांत पक्षकाराविषयीची कणव ठळक दिसते. 1981 मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयातील एक अपील वकील हजर न राहिल्यामुळे फेटाळले गेले होते. खेड्यातून आलेल्या माणसाने वकील नेमला, फी भरली, कागदपत्रे दिली, त्यानंतर वकील न्यायालयात उभा राहतो की नाही यावर पहारा ठेवणे हे त्याचे काम नव्हे, अशी भूमिका न्यायमूर्ती डी. ए. देसाई यांच्या निकालात घेतली गेली. 1987 च्या अनंतनाग भूसंपादन खटल्यात प्रत्येक दिवसाचे स्पष्टीकरण मागण्याच्या कर्मठपणाला न्यायालयाने नकार दिला. 1998 मध्ये तर 883 दिवसांचा विलंब माफ झाला, कारण वकिलाने पक्षकाराला अंधारात ठेवले होते आणि विलंब किती लांब यापेक्षा खुलासा कितपत पटण्याजोगा हे महत्त्वाचे, असे न्यायमूर्ती के. टी. थॉमस यांच्या निकालाने मानले.

तथापि दुसरी बाजूही तेवढीच खरी आहे. हुकूमनामा मिळवलेल्या पक्षाला मुदत संपताच एक निश्चिंतता लाभते आणि ती काढून घेण्याची किंमत त्याच्याच माथी पडते. म्हणूनच 1993 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, वकील हा पक्षकाराचा प्रतिनिधी असल्याने त्याच्या कृतीची जबाबदारी हवी तेव्हा झटकता येणार नाही, विशेषतः पक्षकार सुशिक्षित कंपनी असेल तर, असे बजावले. आणि नोव्हेंबर 2024 मध्ये, केवळ वकिलाच्या निष्काळजीपणाकडे बोट दाखवून दीर्घ विलंब माफ होणार नाही, पक्षकारानेही आपल्या प्रकरणाची चौकशी करत राहिले पाहिजे, असे पुन्हा सांगितले. मोबाइलवर प्रकरणाची पुढील तारीख दिसू लागल्यापासून ही अपेक्षा वाढली आहे. परंतु ज्याला इंग्रजी रोजनामा वाचता येत नाही त्याच्याकडून ती कंपनीइतक्याच कडकपणे करणे न्याय्य नाही. शिवाय विलंबाचा अर्ज प्रलंबित असतानाचा काळही निर्धोक नसतो, कारण दिवाणी प्रक्रिया संहितेप्रमाणे अपील ऐकून घेण्याचे ठरेपर्यंत हुकूमनाम्याला स्थगिती देता येत नाही आणि तोवर प्रतिपक्ष अंमलबजावणीची दरखास्त पुढे नेऊ शकतो.

काही कायद्यांत तर कणवेला जागाच ठेवलेली नाही. लवादाच्या निवाड्याला आव्हान देण्यासाठी तीन महिने आणि पुरेसे कारण असल्यास आणखी 30 दिवस मिळतात, त्यापुढे एक दिवसही नाही, हे 2001 च्या निकालापासून पक्के आहे; दिवाळखोरी संहितेतील अपिलांनाही 30 अधिक 15 दिवसांची अशीच भिंत आहे. तेथे वकील चुकला तर पक्षकाराचा हक्क कायमचा जातो आणि त्याला फक्त नुकसानभरपाईचाच विचार करता येतो.

ती मिळवण्याचा मार्ग मात्र आता अरुंद झाला आहे. 1998 च्या त्या खटल्यातील पक्षकाराने चुकलेल्या वकिलाविरुद्ध ग्राहक मंचाकडून 50,000 रुपये मिळवले होते. 14 मे 2024 च्या निकालाने वकिलांची सेवा ग्राहक संरक्षण कायद्याबाहेर ठेवल्यामुळे तो मार्ग बंद झाला. बार कौन्सिलकडे तक्रार करता येते, पण तिचा रोख शिस्तभंगाच्या कारवाईवर असतो. वकिलांच्या फीविषयीच्या 1926 च्या कायद्याने निष्काळजी वकिलावर दावा लावण्यास मुभा ठेवली आहे, परंतु आधीच एक दावा हरलेल्या माणसाला दुसऱ्यात उतरवणे हा इलाज नव्हे. कलम 5 चा अर्ज ऐकणाऱ्या न्यायाधीशाने वकिलाला स्वतःचे प्रतिज्ञापत्र देण्यास सांगावे, चूक दिसून आल्यास त्याचे म्हणणे ऐकून, प्रतिपक्षाला द्यावयाचा खर्च पक्षकाराऐवजी त्याच्याकडून वसूल करावा. 1981 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने 200 रुपयांचा खर्च गैरहजर वकिलावरच टाकला होता आणि तसे करण्यासाठी कोणत्याही नव्या कायद्याची वाट पाहिली नव्हती.