इराणी हॉटेलातील वाकवलेली खुर्ची

जुन्या मुंबईचा थाट मांडून रात्रीचे जेवण वाढणाऱ्या आजच्या उपाहारगृहांत संगमरवरी टेबले आणि भिंतीवरचे आरसे हमखास दिसतात. तथापि या सजावटीचा खरा मानकरी म्हणजे गोल पाठीची लाकडी खुर्ची होय. ‘बेंटवुड’, म्हणजे वाफेवर मऊ करून साच्यात वाकवलेले लाकूड, या तंत्राने मिखाएल थोनेट यांनी १८५९ मध्ये घडवलेली १४ क्रमांकाची खुर्ची अवघे ६ लाकडी भाग, १० स्क्रू आणि २ नट यांची असे, आणि सुट्या केलेल्या ३६ खुर्च्या एक घनमीटरच्या खोक्यात मावत असल्याने ती जहाजाने दूरदेशी सहज धाडता येई. तिच्याच कुळातल्या खुर्च्या इराणी हॉटेलांत रुळल्या. आजच्या उपाहारगृहांतली त्यांची नक्कल वाईट नसतेच. पण अस्सल वातावरण अनुभवायचे तर मुंबईतल्या इराणी हॉटेलांपैकी १९०४ सालचे कयानी किंवा १९२३ सालचे ब्रिटानिया गाठावे, आणि ब्रिटानियाला दुपारीच जावे, कारण ते मुख्यतः दुपारच्या जेवणाचे ठिकाण आहे.