झोपायची जागा

वही दोनशे पानी, जाड पुठ्ठ्याची. पानांचे उजवे कोपरे निळे पडलेत. सॅनिटायझरने ओल्या झालेल्या बोटांनी पान उलटलं की बॉलपेनची शाई पसरते, हे मला टेंभुर्णीत कळलं.

टेंभुर्णी म्हणजे जालना जिल्ह्यातली, जाफराबाद तालुक्यातली. पुण्यात नुसतं ‘टेंभुर्णी’ म्हटलं तर समोरचा सोलापूरकडची समजतो, म्हणून तालुका सांगावा लागतो. इथल्या एका आशाताईंनी 2020 मध्ये बाहेरून आलेल्यांची नोंद ठेवली होती, आणि त्या वहीत एक रकाना सरकारी नव्हता. एवढं कानावर आलं आणि मी गेलो.

रकाने आठ. नाव, वय, कुठून आला, कशाने आला, तारीख, ताप, खोकला. हे सात वरून सांगितलेले. आठवा त्यांनी स्वतः पट्टी धरून पेन्सिलीने आखलेला: ‘झोपायची जागा’.

“हा काहून?” मी विचारलं.

“ताप चार दिवसांनी बी दिसंल, दादा. पोरगं झोपतं कुठं ते पहिल्याच राती दिसतं.”

पुण्यात राज्यातले कोविडचे पहिले रुग्ण सापडले 9 मार्चला. आठवडाभरात कॉलेजं बंद झाली, परीक्षा लांबल्या, वसतिगृहं रिकामी होऊ लागली आणि शिकायला गेलेली पोरं पाठीवर सॅक टाकून गावाकडे निघाली. 16 मार्चला हातावर शिक्के मारायचं ठरलं. तेव्हाचे आरोग्यमंत्री राजेश टोपे याच जिल्ह्याचे. शिक्का आधी परदेशातून येणाऱ्यांसाठी होता. पुढे अनेक जिल्ह्यांत पुण्या-मुंबईहून आलेल्यांचेही डावे हात निळे झाले. मतदानाची शाई ती, आत सिल्व्हर नायट्रेट, घासून निघत नाही. शिक्क्याने माणूस ओळखू यायचा. वेगळी खोली काही त्यातून मिळायची नाही.

मास्क, साबण, सहा फूट अंतर हे सगळं ताई एका दमात सांगून मोकळ्या झाल्या. अडायच्या त्या 14 वर. “चौदा दिवस.” जंतू शिरल्यापासून लक्षणं दिसायला साधारण 5 दिवस लागतात, उशिरात उशिरा 14, म्हणून तो आकडा. स्वतंत्र खोली, शक्यतो स्वतंत्र संडास आणि 14 दिवस, असं कागदावर होतं. ज्या घरात दोन खोल्या आणि सात माणसं, तिथे हे वाचून दाखवायचं काम ताईंचं. साधारण हजार लोकवस्तीमागे एक आशा, आणि कोविडच्या कामाचे तेव्हा केंद्राकडून महिन्याला जादाचे 1000 रुपये.

“आई आधी गळ्यात पडायची. मी दारातूनच वरडायचे, वहिनी, आधी आंघोळ, मग लाड! मंग सासऱ्याशी बोलायचं. सून ऐकती, म्हातारा ऐकत न्हाई. ‘माझं लेकरू काय ढोर हाय का गोठ्यात निजवायला?’”

आठव्या रकान्यात ही सगळी भांडणं एकेका शब्दात मिटलेली दिसतात. गोठा. गच्ची. पडवी, मध्ये लुगडं बांधून. शेतातली खोली. शाळा. एका ओळीत ‘ट्रॉली’. त्यावर बोट ठेवलं तर ताई हसल्या. ट्रॅक्टरची ट्रॉली घराबाहेर लावून, खाली कडबा आणि वर ताडपत्री टाकून, पदवीच्या शेवटच्या वर्षाचा पोरगा तिथे राहिला.

गावाकडची गरिबी म्हणून हे सोडून देता येत नाही. 2003 मध्ये सार्सची साथ आली तेव्हा कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठाने चीन, तैवान, हाँगकाँग, सिंगापूरहून उन्हाळी वर्गाला येणाऱ्या विद्यार्थ्यांना आधी नाही म्हटलं. कारण काय, तर संशयितांना वेगळं ठेवायला पुरेशा खोल्या नाहीत. खोल्यांची सोय लागल्यावर थोड्यांना येऊ दिलं. एवढं नावाजलेलं विद्यापीठ, पण अडलं आठव्या रकान्यातच. तिथे निदान तो प्रश्न कुलगुरूंच्या टेबलावर गेला. इथे तो एका बाईने पट्टी आणि पेन्सिलीने मांडला, आणि वरच्या अहवालात सातच रकाने गेले.

ट्रॉलीवाल्याची ओळ मी पुन्हा उघडली. ताई रोज लांबून हाक मारून तब्येत विचारायच्या आणि त्याच्या नावापुढे एक बारीक बरोबरची खूण करायच्या. मोजल्या, 14 भरल्या. नववी मात्र बाकीच्यांसारखी नव्हती. पेन दोनदा टेकवून केलेली, थोडी वाकडी.

“त्या राती अवकाळी आला,” ताई म्हणाल्या. “ताडपत्री उडाली.”

“मग तो कुठे झोपला?”

त्यांनी वही माझ्या हातातून घेतली, निळा कोपरा अंगठ्याने सरळ केला.

“मी सकाळी गेले तवा ट्रॉलीतच बसला व्हता. कडबा वला. मी न्हाई विचारलं.”