जळत्या विमानातील आठ माणसे

वाचकहो, आपल्या वऱ्हाडाला पूर ठाऊक आहे, समुद्र नाही. पूर्णेचे, वर्धेचे चढलेले पाणी आपण काठावरून पाहतो. पण चहूकडे पाणीच पाणी, काठाचा पत्ता नाही आणि पेटलेले विमान त्या पाण्यावर उतरवायचे, हा प्रसंग कसा असेल? ११ एप्रिल १९५५ रोजी तो आपल्या एअर इंडियाच्या ‘काश्मीर प्रिन्सेस’ या विमानावर आला.

इंडोनेशियातील बांडुंग शहरी आशिया-आफ्रिकेतील देशांची परिषद भरणार होती. त्यासाठी चीनने हे विमान भाड्याने घेतले होते. हाँगकाँगहून ते जकार्ताकडे निघाले. आत ११ प्रवासी होते; काही परिषदेच्या कामासाठी निघालेले, तर काही वार्ताहर. कर्मचारी होते ८. कॅप्टन डी. के. जटार हे मुख्य वैमानिक, दीक्षित सहवैमानिक, पाठक मार्ग दाखवणारे, अनंत कर्णिक यंत्रांची देखभाल करणारे इंजिनिअर आणि ग्लोरिया बेरी हवाई सुंदरी. इतर तिघेही आपापल्या कामावर होते.

पाच तास सुरळीत गेले. विमान १८,००० फुटांवर असताना मोठा आवाज झाला. धूर आत शिरला आणि उजव्या पंखाला आग लागली. जटारांनी त्या बाजूचे एक इंजिन बंद केले आणि उरलेल्या तिघांवर विमान खाली आणू लागले. बिनतारी यंत्र बंद पडण्यापूर्वी तीन वेळा संकटाचा संदेश गेला, आपण नाटुना बेटांजवळ आहोत हेही कळवले गेले. तोवर इतरांनी प्रवाशांना पाण्यावर तरंगवणारी जॅकेटे दिली आणि संकटकाळची दारे उघडून ठेवली.

तुम्ही म्हणाल, पाणी तर मऊ, मग भीती कसली? विहिरीच्या थारोळ्यावरून पोटावर उडी पडली तर पाणी कशी चापट मारते ते आठवा. विमान तर कितीतरी वेगाने येते. एक पंख आधी टेकला की ते गर्रकन फिरते आणि मोडते. येथे तसेच झाले. उजवा पंख आधी आदळला आणि विमानाचे तीन तुकडे झाले. १९ पैकी १६ जण गेले. त्यांत जटार होते, ग्लोरिया बेरीही होत्या. दीक्षित, पाठक आणि कर्णिक तेवढे वाचले. त्यांना पुढे ‘डॅम्पियर’ या ब्रिटिश जहाजाने घेतले.

हा अपघात नव्हता, घातपात होता. उजव्या चाकाच्या खोबणीत हाँगकाँगला वेळ लावलेला बॉम्ब ठेवला गेला होता, असे इंडोनेशियाच्या चौकशीत निघाले. चीनचे पंतप्रधान चौ एन लाय यांना मारण्याचा तो डाव होता असे मानले जाते. पण ते त्या विमानात नव्हतेच.

आता यातून आपण काय घ्यावे? १६ एप्रिल २०२५ रोजी अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईची विमानसेवा सुरू झाली. आपल्या घरातलीही माणसे विमानात बसतील. सुरुवातीला कर्मचारी सूचना देतात, तेव्हा बरेच जण खिडकीबाहेर बघतात. तसे करू नका. पट्टा कसा सुटतो ते पाहा. दार किती रांगा पुढे किंवा मागे आहे ते मोजून ठेवा. बाहेर पडण्याची वेळ आली तर पिशवीचा मोह सोडा.

आणि एक गोष्ट मुलाबाळांनाही सांगा. जॅकेट आत घालायचे, पण फुगवायचे ते दाराबाहेर पडताना. पोहायला शिकणाऱ्या पोराच्या पाठीला रिकामा डबा बांधला की ते बुडत नाही, पण त्याला बुडीही मारता येत नाही. विमानात पाणी भरले की फुगलेले जॅकेट माणसाला छताशी नेऊन अडकवते. दार राहते खाली. १९९६ साली अपहरण झालेले इथिओपियाचे विमान इंधन संपून कोमोरो बेटांजवळ समुद्रात उतरले. त्यातील १७५ पैकी १२५ जण दगावले. आतच जॅकेट फुगवल्याने त्यांतले बरेच बुडाले.

‘काश्मीर प्रिन्सेस’च्या शूर कर्मचाऱ्यांचा पुढे सरकारने अशोक चक्र मालिकेतील सन्मानांनी गौरव केला. कर्णिकांनी या प्रसंगावर पुस्तकही लिहिले. हाताशी मिनिटे मोजकी होती. तेवढ्यात जटारांनी विमान सावरले आणि त्यांच्या सोबत्यांनी आधी प्रवाशांची सोय पाहिली. म्हणून पुढच्या वेळी विमानात कोणी जॅकेट दाखवू लागले, तर दोन मिनिटे लक्ष द्या. ती सूचना अशाच माणसांच्या जिवावर शिकलेली आहे.