आधी आईची खुर्ची

अर्धांगाचा झटका येऊन गेल्यापासून आई चाकांच्या खुर्चीवर असते. कुठेही निघायची म्हटली की एकच विचारते, "उचलायला कोण आहे?" गावाकडे बसमध्ये चढवायचं तर दोघं लागतात. एक काखेत हात घालणारा, एक पाय धरणारा. लोक आपणहून धावून येतात, त्यांचे उपकार आहेतच. पण उचलताना पदर सरकतो, सगळा स्टँड बघत असतो आणि मग आई दिवसभर गप्प असते.

भावाकडे अमेरिकेला गेलो तेव्हा मुलांनी हट्ट धरला, आजीसकट डिस्ने वर्ल्ड. आईचा प्रश्न ठरलेलाच.

फ्लोरिडात ओरलँडोजवळचं हे वॉल्ट डिस्ने वर्ल्ड 1971 साली सुरू झालं. विस्तार शंभर चौरस किलोमीटरच्या आसपास. चार मोठी पार्क, त्यांच्याभोवती हॉटेलं. त्यामुळे पाळण्यात बसण्याआधी बस, बोट, मोनोरेल, नाहीतर तारेवरून जाणारी गोंडोला गाठावीच लागते. मला धास्ती होती ती याच प्रवासाची.

पहिल्या सकाळी हॉटेलच्या स्टॉपवर बस आली. फुस्स आवाज करत तिची दाराकडची बाजू खाली झुकली आणि दारातून रॅम्प बाहेर आला. ड्रायव्हरने रांगेला हाताने थांबायची खूण केली आणि आम्हाला बोलावलं. आधी आईची खुर्ची, मग रांग. आत त्याने दोन सीट वर दुमडून जागा केली, गुडघ्यावर बसला आणि खालून पट्टे ओढले. दोन पुढून, दोन मागून. प्रत्येक पट्ट्याचा आकडा खुर्चीच्या सांगाड्यात अडकवला, चाकात नाही. चाक फिरतं, सांगाडा जागचा हलत नाही. मग दोन्ही हातांनी खुर्ची गदागदा हलवून पाहिली. आई गाठोड्याची गाठ तपासावी तशी त्या पट्ट्यांकडे निरखून बघत होती. "ठीक आहे ना?" हे त्याने मला नाही, तिला विचारलं.

या सगळ्याला चारेक मिनिटं गेली. रांगेतल्या एकाने घड्याळ पाहिलं आणि आई पुटपुटली, "माझ्यामुळे सगळे खोळंबले गं." मला आत काहीतरी टोचलं. उचलून घ्यायची इतकी सवय झालेली, की हक्काची चार मिनिटंही तिला उधारीची वाटत होती.

हा रॅम्प कुणाच्या दयाबुद्धीतून आलेला नाही. जुलै 1978 मध्ये अमेरिकेतल्याच डेन्व्हर शहरात 19 अपंग माणसं भर चौकात बसगाड्यांसमोर ठाण मांडून बसली, काही रस्त्यावर आडवी झाली. मागणी एकच, आम्हालाही बसने जायचंय. तशा लढ्यांमधूनच अमेरिकेत 1990 चा अपंग हक्कांचा कायदा आला. रात्री भावाने हे आईला सांगितलं. ती म्हणाली, "रस्त्यावर झोपले? थंडी नव्हती?" जुलैचा महिना होता म्हटल्यावर तिचं समाधान झालं.

गोंडोलाची मला जास्त भीती. स्कायलायनर नावाची ही गोंडोला 2019 ला सुरू झाली. तिचे डबे फलाटावर पूर्ण थांबत नाहीत, संथ सरकत राहतात आणि चालणारे चालत्या डब्यात शिरतात. कॅरिबियन बीच या हॉटेलजवळच्या स्टेशनवर आम्हाला बाजूला वळवलं. तिथे डबा मुख्य ओळीतून वेगळा होऊन पूर्ण थांबतो. खुर्ची सपाट आत गेली, ब्रेक लावला, आणि मग डबा पुन्हा तारेवर. बाकीचे डबे चालूच. म्हणजे कुणीही खोळंबलं नाही, हे आईच्या लक्षात आलं. खाली तळं दिसलं तेव्हा ती मुलांना बोट दाखवून सांगत होती.

मोनोरेलला कर्मचारी फलाट आणि डब्यामधल्या फटीवर हाताने फळी टाकतो. फलाटापर्यंतचा चढ मात्र लांब आहे, ढकलणाऱ्याचा दम काढतो. उतरताना खुर्ची पाठमोरी घ्यावी, म्हणजे भार आपल्या अंगावर राहतो.

जाणार असाल तर घरची खुर्ची न्या. पार्कात भाड्याने मिळणारी खुर्ची पार्कच्या बाहेर नेता येत नाही, म्हणजे बसलाही ती उपयोगाची नाही. विमानात स्वतःच्या खुर्चीचे पैसे पडत नाहीत.

चार दिवसांत आईला एकदाही कुणी उचललं नाही. चौथ्या दिवशी स्टॉपवर तिने पदर नीट केला आणि बस थांबायच्या आत मला म्हणाली, "चल, आपला नंबर आधी."

पुण्यामुंबईतही आता लो-फ्लोअर बस धावतात. त्यातल्या कित्येकींच्या दाराशी हाताने उघडायची रॅम्पची फळी असते. तुमच्या स्टॉपवर खुर्चीतलं कुणी दिसलं तर उचलायला पुढे होण्याआधी ड्रायव्हरला एवढंच म्हणा, "दादा, फळी उघडा."